मक्यावरची बुरशी आधी ओळखा, मग फवारणी सांगा

प्रति,
माननीय कुलगुरू,
राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे



आमच्या सिल्लोड-कन्नड भागात खरिपाचा मका छातीला लागला की पानांवर डाग दिसू लागतात. शेतकरी पान खुडून दुकानात नेतो आणि उत्तर येते, “करपा आहे, हे फवारा.” पान कोणी उलटूनही पाहत नाही. मी इथल्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. विद्यार्थी घरच्या शेतातली अशी पाने प्रयोगशाळेत आणतात, म्हणून हे पत्र.

एक्सरोहायलम टर्सिकम या बुरशीचे डाग लांबट, राखाडी-तपकिरी, कधी १५ सेंटिमीटरपर्यंत वाढणारे. बायपोलारिस मेडिसचे डाग लहान, शिरांच्या मधोमध अडकलेले. रायझोक्टोनिया सोलानी जमिनीलगतच्या पानांवर आणि आवरणांवर पट्टे उमटवत वर चढते. डाग ताजे असताना हा फरक दिसतो. ते जुने होऊन एकमेकांत मिसळले की नुसत्या नजरेवर भरवसा ठेवता येत नाही. त्यातच पालाश कमी पडले की खालच्या पानांच्या कडा टोकापासून वाळतात. तिथे बुरशीनाशकाचा खर्च पाण्यात जातो.

खरे तर ओळख पटवायला फार काही लागत नाही. डागाच्या कडेचा, हिरवा आणि वाळलेला भाग जिथे भेटतो तिथला तुकडा कापून पेट्रीडिशमध्ये ओल्या टिपकागदावर ठेवायचा. बहुधा एक-दोन दिवसांत त्यावर बीजाणू धरतात. पारदर्शक चिकटपट्टीने ते उचलून सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचे. टर्सिकमचा बीजाणू चातीसारखा, आडव्या पडद्यांनी कप्पे पडलेला, बुडाशी ठळक टोक बाहेर आलेला. मेडिसचा बाकदार, पण बुडाचे ते टोक नसलेला. कर्व्हुलारिया या आणखी एका बुरशीच्या लहान बीजाणूचा एक कप्पा फुगीर व गडद असतो आणि बीजाणू तिथेच वाकतो. रायझोक्टोनियात असे बीजाणू सापडतच नाहीत, काटकोनात फुटलेले तंतू तेवढे दिसतात.

नाव कळले की उपाय बदलतो. रायझोक्टोनिया असेल तर जमिनीला टेकलेली खालची दोन-तीन पाने वेळेत काढल्यानेही रोगाचा चढ मंदावतो. टर्सिकम दरवर्षी येत असेल तर पुढच्या पेरणीला प्रतिकारक्षम वाण निवडणे हाच खरा इलाज.

हे काम एका शेतापुरते नाही. १९७० साली अमेरिकेत मेडिसच्या ‘टी’ प्रकाराने मक्याचे सुमारे १५ टक्के पीक खाल्ले. बहुतेक संकरित वाणांत टेक्सासचे एकच नर-वंध्य पेशीद्रव्य वापरलेले होते आणि नेमके तेच या प्रकाराला बळी पडले. ‘टी’ आणि जुना ‘ओ’ प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. ते वेगळे ओळखायला बुरशीचे शुद्ध जिवंत संवर्धन हाताशी लागते आणि ते ठराविक वाणांवर टोचून पाहावे लागते. बुरशींचे राष्ट्रीय संवर्धन केंद्र आपल्या पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत आहे. मग आपल्या शेतांतले नमुने तिथे नियमित का जाऊ नयेत?

म्हणून आपणा चौघांकडे तीन मागण्या आहेत. मका पिकवणाऱ्या प्रत्येक तालुक्यात पावसाळाभर पान तपासणीचे एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि एक प्रशिक्षित माणूस असावा. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या कागदावर औषधाआधी रोगकारकाचे नाव असावे, आणि बुरशी नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. शंकास्पद नमुन्यांचे शुद्ध संवर्धन करून ते जतन करावे आणि कोणत्या गावात कोणती बुरशी सापडली ही नोंद हंगामाअखेर जाहीर करावी, म्हणजे वाण पैदासकारांनाही ती कामी येईल.

माणसे कुठून आणायची, हा प्रश्न येईल. ग्रामीण महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शक आहेत, शेतकऱ्यांची शिकणारी मुलेमुली आहेत. आपल्या वनस्पतिरोगशास्त्र विभागांनी पेरणीपूर्वी त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि त्यांच्या तपासणीवर देखरेख ठेवावी. जागा, उपकरणे आणि मनुष्यबळ द्यायला आमच्यासारखे शिक्षक तयार आहेत. येत्या खरिपापासून सुरुवात करा.

आपला नम्र,
वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक