पाण्यात उभे, तरी तहानलेले



मागील रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपल्यावर एका मुलाने मला विचारले, "फादर, बांध फुटला तेव्हा आमच्या शेतात गुडघाभर पाणी होते. मग भात वाळले कसे?" प्रश्न लहान मुखातून आला; पण त्यामागे एका घराचे वर्षाचे धान्य बुडाले होते. उत्तर त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातच आहे, म्हणून ते सर्वच कुटुंबांसाठी येथे देतो.

एक कच्चा बटाटा सोलून त्याच्या ५ सेंटिमीटर लांबीच्या तीन सारख्या फोडी कराव्या. तीन पेल्यांत प्रत्येकी सुमारे २०० मिलिलिटर पाणी घ्यावे. पहिल्यात मीठ घालू नये. दुसऱ्यात चहाचा पाव चमचा आणि तिसऱ्यात तीन चमचे मीठ विरघळवावे. प्रत्येकात एक फोड बुडवावी. चार-पाच तासांनी फोडी पुसून मोजपट्टीने मोजाव्या. साध्या पाण्यातील फोड ताठ व किंचित लांब झालेली आढळेल. दुसरीत फारसा फरक दिसणार नाही. तिसरी आखूड होऊन चामड्यासारखी वाकेल.

याचे कारण असे. भाजी असंख्य सूक्ष्म पेशींची बनलेली असते. प्रत्येक पेशीला एक नाजूक पडदा असतो. त्यातून पाणी सहज जाते, मीठ मात्र सहजी जात नाही. पडद्याच्या एका बाजूस मीठ अधिक झाले की पाणी त्या बाजूकडे ओढले जाते. या क्रियेस परासरण म्हणतात. मीठ लावलेल्या काकडीला किंवा लोणच्याच्या फोडींना पाणी सुटते ते याचमुळे. बटाटा उकडला की उष्णतेने हे पडदे फाटतात. म्हणून उकडलेली फोड साध्या पाण्यात ठेवली तरी ताठ होत नाही.

या क्रियेचे पहिले प्रसिद्ध निरीक्षण १७४८ साली फ्रान्समधील आबे नोले या ख्रिस्तसभेच्या सेवकाने केले. मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधून त्याने ते पाण्यात ठेवले. पाणी आत शिरले आणि मूत्राशय फुगून वर आले. श्रद्धावंताने सृष्टीचे परीक्षण करण्यास भ्यावे असे काही नाही.

आता त्या मुलाच्या शेताकडे वळू. गोव्यातील खाजन शेते खाडीच्या भरतीपासून बांधाने राखलेली असतात. पावसाचे पाणी मातीतील खार धुऊन नेते, मगच भात उगवते. बांध फुटून खारे पाणी आत आले की मुळांची गत तिसऱ्या पेल्यातील फोडीसारखी होते. पाणी आत येण्याऐवजी बाहेर ओढले जाते. शिवाय मीठ रोपाच्या अंगात भिनून त्याला पोळते. रोप पाण्यात उभे राहून तहानेने मरते. कोरगुटासारखे गावठी भात थोडा खार सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे.

बांध एका दिवसात फुटत नाही. प्रथम खेकड्याचे बीळ पडते. येणारा-जाणारा ते पाहतो आणि 'माझ्या वाफ्यासमोर नाही' म्हणून पुढे जातो. खारे पाणी मात्र वाफा कोणाचा हे विचारीत नाही. प्रभूने शिष्यांना मिठाची उपमा दिली ती चव राखण्यासाठी. शेजाऱ्याचे शेत खारावण्यासाठी नव्हे.

तेव्हा पुढील उधाणापूर्वी मुलांसह हा प्रयोग करा, आणि मग फावडे घेऊन त्यांच्याबरोबर बांधावर एक फेरी मारा. बीळ दिसले तर ते कोणाच्या हद्दीत आहे हे न पाहता बुजवा.