ट्युलिपआधी जानोरीला विचारा

लग्नसराईची बुकिंग सुरू झाली की ‘स्टेजला ट्युलिप हवेत’ ही फर्माईश येतेच. सजावटकारही मोडता घालत नाहीत. बिल फुगतंय, तर कोण नाही म्हणेल? पण मांडवात काय होतं ते बघा. तोडल्यावरही ट्युलिपची दांडी वाढत राहते, उजेडाकडे वळते, आणि उकाड्यात पाकळ्या सताड उघडतात. फोटो संपायच्या आत फूल गेलेलं असतं.

हे फूल मुळात मध्य आशियातल्या थंड डोंगरउतारांचं. कंदाला तीन-चार महिने गारठा मिळाला नाही तर ते धड फुलत नाही. श्रीनगरला जमतं, नाशिकच्या चार थंड रात्रींवर भागत नाही.

तुर्कस्तानमार्गे ते युरोपात गेलं, १५९३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने नेदरलँड्समधल्या लायडनच्या बागेत लावलं आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये हारलेमला त्याचा बाजार कोसळला. त्यात अख्खा देश बुडाला, ही नंतर रंगवलेली गोष्ट. गंमत अशी, की ज्या पट्टेदार पाकळ्यांवर भाव चढले, ते पट्टे माव्याने पसरवलेल्या विषाणूचे होते. आपण मावा दिसला की पंप उचलतो!

हारलेमला कंद जमिनीत असतानाच सौदे होत होते, यात आम्हाला गैर काही दिसत नाही. घेणाऱ्यांतल्या कित्येकांना फूल नकोच होतं, सौद्याची चिठ्ठी पुढे विकायची होती, गोची तिथे झाली. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. फूल हवं असतं, पण सौदा आदल्या रात्री फोनवर. नाशिकजवळच्या जानोरी-मोहाडीच्या पॉलिहाऊसमध्ये शेंडा खुडल्यापासून गुलाब काढणीला यायला साधारण सहा-सात आठवडे लागतात. लग्नाची तारीख तर त्याच्या किती आधी ठरलेली असते! ती उत्पादकाला कळवा, सोबत इसार द्या. झेंडूचंही तेच, दसऱ्याच्या संध्याकाळी रस्त्याकडेला टाकून दिलेले ढीग हे बिनसौद्याच्या लागवडीचे आहेत.

उत्पादकांनाही एक सुनवायचं आहे. वीस फुलांच्या गड्डीत बाहेर सरळ दांड्या आणि आत आखूड, वाकड्या, हा प्रकार थांबवा. नाशिकच्या ‘गुलशनाबाद’ या जुन्या नावाचा दाखला देऊन भाषणं पुष्कळ झाली. गिऱ्हाईक गड्डी सोडून बघतं. इसाराच्या चिठ्ठीवर जात, दांडीची लांबी आणि तारीख लिहा, आणि माल कमी प्रतीचा निघाला तर किती पैसे कापायचे तेही तिथेच लिहा.