हापूसची पेटी आणि मोबाइलवरील जाहिरात

कोकणातील आंबा बागाईतदार पूर्वी पेट्या भरून मुंबईच्या दलालाकडे पाठवीत असे आणि पट्टी हाती येईपर्यंत भाव काय मिळाला, हे त्यास कळत नसे. आता अनेक बागाईतदार व्हॉट्सॲप व फेसबुकवर फळांची छायाचित्रे देऊन पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांकडून थेट मागणी मिळवितात. २०१८ साली निघालेल्या व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची व भावाची यादी विनामूल्य ठेविता येते. ही सोय खरोखर मोलाची आहे.

परंतु छायाचित्रात साका दिसत नाही. वरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट व आंबट निघते, आणि गिऱ्हाईक जेथे जाहिरात वाचली तेथेच तक्रार लिहिते. दलालाच्या पेढीवरील तक्रार बागाईतदाराच्या नावापर्यंत क्वचितच पोहोचे. ही मात्र शेकडो जण वाचतात. यास्तव खराब फळ बदलून देण्याची बोली, तोडणीची तारीख व फळांचे वजन जाहिरातीतच लिहावे. (पेटीच्या तळाशी बारीक फळ भरणाऱ्याने या भानगडीत न पडणेच बरे.)

नावाचेही तसेच. २०१८ सालीच रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी कर्नाटकातील आंबा देवगडच्या नावाने खपविला जातोच. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली असल्यास जाहिरातीतील शब्दाला आधार मिळतो. विस्तार कार्यकर्त्यांनी मोबाइलचे धडे देण्याआधी ही नोंदणी करवून द्यावी. मोहोर येण्यापूर्वीचे दिवस त्यास सोयीचे असतात.