हप्ता महिन्याचा, उत्पन्न हंगामाचे

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन-कापूस विकल्यावर. घरकर्जाचा हप्ता मात्र दरमहा. श्रावण-भाद्रपदात हात रिकामा असताना तो चुकला, की ‘सिबिल’च्या दप्तरी नोंद होते आणि पुढे ३६ महिने अहवालात दिसत राहते.

पीककर्जासाठी ‘सिबिल’ची सक्ती करणाऱ्या बँकांवर गुन्हे नोंदवण्याचा इशारा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५मध्ये दिला. इशारा रास्त, पण अपुरा. अल्पमुदतीच्या पिकांचे कर्ज अनुत्पादक ठरवताना रिझर्व्ह बँक दोन हंगामांची मुभा देते. घरकर्जाला ९० दिवसांची. पतगुणांक मात्र दोन्हींचा मिळून एकच! त्यात २०१२मध्ये परवान्याअभावी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि शेतकऱ्यांचा जुना आधार खिळखिळा झाला.

हप्ता थकलाच, तर ९० दिवसांच्या आत भरणे किंवा बँकेकडे पुनर्रचनेचा लेखी अर्ज करणे श्रेयस्कर. तडजोडीने खाते मिटवल्यास ‘सेटल्ड’ हा शेरा बसतो; नव्या कर्जाच्या वेळी तो आडवा येतो. वर्षातून एक अहवाल विनामूल्य मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद २०२४पासून आहे. ती किती तक्रारदारांना ठाऊक असेल, ही शंकाच.

मूळ दुखणे हप्त्याच्या तारखेत आहे. ग्रामीण घरकर्जाचे हप्ते पीकचक्राशी जोडण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने इंदिरा आवाससारख्या मोजक्या योजनांपुरती केली होती. शेतकऱ्यांच्या सर्वच घरकर्जांना ती लागू करण्याची मागणी राज्यस्तरीय बँकर्स समितीपुढे सरकारनेच मांडायला हवी.