सुजलेल्या पायाचे मूळ बोटांच्या बेचक्यात

भातलावणी सुरू झाली, की आमच्या वॉर्डात एक ओळखीचा पाय दिसू लागतो. लाल, तापलेला, गच्च सुजलेला, हात लावू न देणारा. सोबत थंडी वाजून ताप. पाय मुरगळला किंवा काही चावले, असे घरच्यांना वाटते. मग लेप, चोळणे, शेकणे यांत तीन-चार दिवस जातात.

बहुतेक वेळा हा ‘सेल्युलायटिस’ असतो, म्हणजे त्वचेखालच्या संयोजी ऊतींना जंतुसंसर्गामुळे आलेली सूज. स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस हे जंतू आपल्या अवतीभवतीच असतात. आत शिरायला त्यांना एक फट पुरते. ती अनेकदा बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांत किंवा टाचेच्या भेगेत सापडते.

उपचार अवघड नाहीत. योग्य प्रतिजैविक ठरलेले सर्व दिवस घ्यावे, पाय उशांवर उंच ठेवावा, लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ती पसरते का ते पाहावे. चोळू नये. असह्य वेदना, काळे-निळे फोड किंवा गुंगी दिसली, तर एक तासही घरी काढू नये; संसर्ग खोलवर गेल्यास तातडीने शस्त्रक्रिया लागते.

माझा आक्षेप पुढच्या टप्प्याला आहे. सूज उतरली की आपण रुग्णाला घरी पाठवतो, पण फट तशीच राहते. मग दुखणे उलटते. दर खेपेला लसिकावाहिन्या बिघडतात, सूज कायमची होते आणि तीच पुढच्या संसर्गाला आमंत्रण देते. रोजंदारीवरच्या बाईचा ऐन हंगाम पुन्हा बुडतो.

वारंवार सेल्युलायटिस होणाऱ्यांवर ब्रिटन व आयर्लंडमध्ये झालेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर कमी मात्रेत पेनिसिलिन घेताना 22 टक्के रुग्णांना तो पुन्हा झाला; औषधाविना 37 टक्क्यांना. मात्र गोळ्या थांबल्यावर हा फायदा टिकला नाही. निवडक रुग्णांना गोळ्या द्याव्याच, पण दार उघडे ठेवून नुसता पहारा किती दिवस पुरणार?

म्हणून डिस्चार्ज कार्डावर प्रतिजैविकाबरोबर चिखल्यांचे बुरशीनाशक मलम लिहिलेच पाहिजे आणि रक्तातील साखर तपासलीच पाहिजे. डॉक्टरांनी बेचके पाहिले नाहीत, तर रुग्णाने स्वतःहून दाखवावेत. शेतातून आल्यावर पाय धुऊन बेचके कोरडे करायला दोन मिनिटे लागतात; वॉर्डात मात्र आठवडा जातो.