दोष कळावा अशा शब्दांत

संगणकाला आज्ञा देण्यासाठी निर्माण झालेल्या भाषांची चर्चा होते ती बहुधा त्यांचा वेग, त्यांची क्षमता आणि बाजारातील मागणी या अंगांनी. आज्ञावली लिहिणाऱ्याची चूक झाली, म्हणजे ही भाषा त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलते, हा प्रश्न मात्र दुय्यम मानला जातो. वस्तुतः नवशिक्याचा दिवसातील कितीतरी वेळ हे 'एरर मेसेज', म्हणजेच त्रुटिसंदेश, वाचण्यात आणि त्यांचा अर्थ लावण्यात जातो. महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय घरांतील मुले-मुली आज या क्षेत्रात शिकत आहेत वा नोकरी करीत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचा आत्मविश्वास या दोन-तीन ओळींपाशी अडखळतो. म्हणून दुर्बोध त्रुटिसंदेशांची शब्दयोजना बदलावी काय, या प्रश्नाचा विचार केवळ तज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.

एका हिब्रू शब्दाची कथा

या वादातील सर्वांत गाजलेले उदाहरण पीएचपी या भाषेचे आहे. असंख्य संकेतस्थळे ज्या भाषेवर उभी आहेत त्या या भाषेत एकापुढे एक असे दोन अपूर्णविराम, म्हणजे :: हे चिन्ह, विशिष्ट कामासाठी वापरले जाते. अँडी गटमन्स आणि झीव सुरास्की या दोन इस्रायली तरुणांनी 1998 साली प्रसिद्ध झालेल्या पीएचपी 3 च्या गाभ्याचे लेखन केले, तेव्हा या चिन्हाला त्यांनी अंतर्गत नाव दिले ते हिब्रू भाषेतील: 'पामायिम नेकुदोतायिम'. 'नेकुदोतायिम' म्हणजे दोन बिंदू, अर्थात अपूर्णविराम, आणि 'पामायिम' म्हणजे दोनदा. संस्कृतातील द्विवचनाप्रमाणे हिब्रूतही जोडीने येणाऱ्या वस्तूंसाठी वेगळे रूप आहे. 'आयिम' हा प्रत्यय त्याचीच खूण होय.

हे दोघेही हैफा येथील 'टेक्निऑन' या तंत्रविद्यापीठाचे विद्यार्थी. ही संस्था उभी राहत असतानाच, 1913 साली, तेथे शिक्षणाचे माध्यम कोणते असावे यावरून मोठा संघर्ष झाला होता. विज्ञानाला पुरेशी परिभाषा हिब्रूत नाही, सबब तांत्रिक विषय जर्मनमधून शिकवावेत, असा संस्थेला आर्थिक बळ देणाऱ्या जर्मन ज्यू मंडळींचा आग्रह होता. शिक्षक आणि विद्यार्थी त्याविरुद्ध उभे ठाकले आणि अखेर हिब्रूचा पक्ष विजयी झाला. 1924 मध्ये तेथे प्रत्यक्ष अध्यापन सुरू झाले ते हिब्रूतून. ज्या भाषेत विज्ञान शिकवता येणार नाही असे सांगितले जात होते, त्या भाषेतील शब्द पाऊण शतकानंतर जगभरच्या संगणकांच्या पडद्यांवर झळकला. स्वभाषेचा अभिमान बाळगणाऱ्या कोणालाही या घटनेचे कौतुकच वाटेल.

तथापि या कौतुकाला दुसरी बाजू आहे. पुण्यातील, मनिलातील वा साओ पावलोतील नवशिक्याच्या पडद्यावर तो शब्द उमटला तेव्हा त्याला काय बोध झाला? हा शब्द कोणत्या भाषेतला आहे, हेही अनेकांना उमगले नाही. संगणक बिघडला की काय, अशी शंका मात्र आली. स्वभाषेचा शब्द परभाषकावर, तोही तो अडचणीत असताना, लादल्याने त्या भाषेचा गौरव वाढत नाही. आणि हाच न्याय इंग्रजीलाही लागू करावा लागेल. 'अनएक्स्पेक्टेड टोकन' हे शब्द मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला हिब्रूइतकेच परके असतात. फरक एवढाच, की इंग्रजी कळली नाही तर दोष विद्यार्थ्याच्या माथी मारला जातो.

पीएचपीने यातून काढलेला मार्ग विवेकाचा म्हणावा लागेल. 2020 साली हे अंतर्गत नावच बदलण्याचा प्रस्ताव आला. नाव कायम राहिले, परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या पीएचपी 8 पासून त्रुटिसंदेशात ते नाव न दाखवता थेट :: हे चिन्हच दाखवले जाऊ लागले. घरातील माणसांनी घरात कोणते नाव वापरावे हा त्यांचा अधिकार. पण दारी आलेल्या पाहुण्याशी त्याला कळेल असेच बोलायला हवे.

केवळ शब्द बदलून भागेल?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या पीएचपीत चलनामाआधीचे डॉलर चिन्ह लिहायचे राहून गेले, तरी काही ठिकाणी 'पामायिम नेकुदोतायिम अपेक्षित आहे' असा संदेश येत असे. त्याचा शुद्ध मराठी अनुवाद केला असता तरी शिकणारा दोन अपूर्णविराम शोधत बसला असता, आणि चूक होती डॉलर चिन्हाची! युनिक्स प्रणालीतही 'हे टंकलेखन यंत्र नव्हे' अशा अर्थाचा एक प्रसिद्ध संदेश होता. टंकयंत्रसदृश उपकरणे संगणकाला जोडली जात, त्या काळाचा तो अवशेष. पुढे त्याजागी 'या उपकरणासाठी अयोग्य आयओकंट्रोल' अशा अर्थाचे शब्द आले. ते तांत्रिकदृष्ट्या अचूक आहेत, पण सामान्य माणसाला पूर्वीइतकेच अगम्य. म्हणजेच प्रश्न शब्दकोशापुरता मर्यादित नाही. यंत्राला काय समजले नाही हे सांगण्याऐवजी माणसाने काय करावे हे सांगणे, अशी दृष्टीच बदलावी लागते.

तशी ती बदलू शकते, याचे पुरावे अलीकडच्या काळात मिळाले आहेत. पायथन भाषेत कंस उघडून तो मिटवायचा राहिला, तर पूर्वी भलत्याच, पुढच्या ओळीकडे बोट दाखवून 'अवैध रचना' एवढेच सांगितले जाई. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पायथन 3.10 पासून 'हा कंस मिटवलेलाच नाही' असे स्पष्ट सांगून तो उघडणारा कंसच दाखवला जातो. जावा भाषेत रिकामा संदर्भ वापरल्याची कुप्रसिद्ध त्रुटी वर्षानुवर्षे केवळ ओळीचा क्रमांक सांगून थांबत असे. 2020 च्या जावा 14 मध्ये त्या ओळीतील नेमका कोणता घटक रिकामा होता हे सांगण्याची सोय झाली.

आक्षेप आणि त्यांचे निरसन

बदलाला विरोध करणाऱ्यांचा एक आक्षेप असा, की संदेश सोपे केल्याने विद्यार्थी आळशी होतील. हा युक्तिवाद नवा नाही. ज्ञान कठीण भाषेत कोंडून ठेवण्याचे समर्थन प्रत्येक काळात असेच केले गेले आहे. ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणला तेव्हा गीतेचे गांभीर्य उणावले नाही. आज्ञावली लिहिणे हे बुद्धीचा कस पाहणारे काम आहे, आणि तो कस समस्येच्या उकलीत लागावा. संदेशाच्या उकलीत तो वाया का जावा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या संदेशांचे शब्द पुस्तकांत आणि शिक्षकांच्या टिपणांत रुजलेले असतात. अनेक स्वयंचलित साधने त्या शब्दांवरच विसंबून असतात. शब्द बदलले की हा साठा निरुपयोगी होण्याची भीती असते. यावर उपाय आहे. रस्ट भाषेत अनेक त्रुटींना ई0382 यासारखा ठरावीक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून सविस्तर विवेचन पाहता येते. क्रमांक कायम राहिला तर शब्द सुधारण्याची मोकळीक मिळते. शिवाय तोच क्रमांक कोणत्याही भाषेतील संदेशाला जोडता येतो.

शब्दांचा स्वरही महत्त्वाचा. विंडोज 95 आणि 98 च्या काळात 'या प्रोग्रॅमने बेकायदा कृती केली आहे' अशा अर्थाची सूचना झळके आणि घरी नव्यानेच संगणक आणलेली साधी माणसे धास्तावत. अशा सूचनांत 'घातक', 'बेकायदा' यांसारखे शब्द टाळावेत, असे बेन श्नायडरमन यांच्यासारखे अभ्यासक गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून सांगत आले आहेत. चुकणाऱ्याला अपराधी ठरवून कोणतीही विद्या शिकवता येत नाही.

मराठीचे काय?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीच्या पदवी शिक्षणाचा मार्ग मोकळा केला आणि पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला. पुस्तक मराठीत, व्याख्यान मराठीत, आणि चूक होताच यंत्र मात्र अनाकलनीय इंग्रजीत बोलणार, ही विसंगती दूर व्हायला हवी. नेदरलँड्समधील फेलिएन हर्मन्स यांनी 2020 मध्ये विद्यार्थ्यांसाठी आणलेल्या 'हेडी' या भाषेत हिंदीसह अनेक भाषांतून आज्ञा लिहिता येतात. मार्ग आहे, तो चालणारे हवेत.

मात्र हे काम करताना परिभाषेचे अवडंबर माजवू नये. 'विश्लेषणदोष: अनपेक्षित चिन्हघटक' असा संदेश देवनागरीत असूनही परकाच राहील. 'बाराव्या ओळीत कंस उघडला आहे, तो मिटवा' हे वाक्य आठवीतल्या मुलालाही कळेल. बहुतांश संगणकभाषांचा कारभार खुला आहे, सुधारणा कोणीही सुचवू शकतो. संगणकक्षेत्रात देशोदेशी काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांनी आणि शिक्षकांनी एकत्र येऊन एखाद्या भाषेतील नेहमीचे शंभर त्रुटिसंदेश जरी अशा मराठीत आणले, तरी मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांची मोठी सोय होईल. 1913 मध्ये हैफातील विद्यार्थ्यांनी परिभाषा तयार होण्याची वाट पाहिली नाही. भाषा वापरात आणली आणि परिभाषा मागाहून घडत गेली.