अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम : बाजाराचा की समाजाचा?

बारावीचा निकाल लागला की नवीन जालन्यात, मोंढ्यातील आडत दुकानांपासून मामा चौकातील चहाच्या टपऱ्यांपर्यंत, एकच चर्चा सुरू होते : मुलाला कोणती ‘ब्रँच’ मिळणार? ही चर्चा आता केवळ व्यापाऱ्यांच्या घरांपुरती उरलेली नाही. मोंढ्यात हमाली करणारा बाप आणि रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी करणारा कामगारही हाच प्रश्न विचारतो, आणि तो विचारतो ही आनंदाचीच गोष्ट मानली पाहिजे. खेद इतकाच की, चौकशी शाखेच्या नावापाशी थांबते. त्या शाखेत चार वर्षे काय शिकवले जाणार, ते कोणी ठरवले आणि कोणाच्या हितासाठी ठरवले, हे विचारण्याची रीत आपल्या समाजात पडलेली नाही.

अभ्यासक्रम हा प्राध्यापकांचा विषय, त्यात पक्षकार्यकर्त्यांनी लक्ष घालण्याचे कारण काय, असा समज चळवळीतही दृढ आहे. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाने मागास भागाचा हक्क रस्त्यावर उतरून मागितला. पुढे वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेषाचा जो हिशेब मांडला, त्यात सिंचन आणि रस्त्यांबरोबर तंत्रशिक्षणाचाही समावेश होता. परंतु तंत्रशिक्षणाचा अनुशेष मोजला जातो तो प्रवेशाच्या जागांत, इमारतींत आणि रुपयांत. जागा वाढल्या, महाविद्यालये निघाली, त्यांतील कित्येक ‘शिक्षणसम्राटां’च्या मालकीची झाली. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या ज्ञानाचा अनुशेष मात्र कोणत्याही समितीच्या तक्त्यात आला नाही. तो समजून घ्यायचा असेल, तर एका फारशा परिचित नसलेल्या पदवीचे उदाहरण उपयोगी पडेल. ती पदवी म्हणजे अभियांत्रिकी भौतिकशास्त्र, म्हणजेच ‘इंजिनिअरिंग फिजिक्स’.

या पदवीमागील विचार साधा आहे. यंत्र, वीज, पोलाद, संगणक यांच्या मुळाशी भौतिकशास्त्राचेच नियम आहेत. त्यांचा पाया पक्का करून त्यावर अभियंत्याचे कौशल्य उभारावे, म्हणजे तंत्र बदलले तरी माणूस निकामी होत नाही. दुसऱ्या महायुद्धाने रडार आणि अणुशक्तीच्या रूपाने ही गरज जगापुढे आणली, आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९४६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. भारतात आज मुंबई, दिल्ली, मद्रास, गुवाहाटी, रुरकी येथील आयआयटींत ही पदवी दिली जाते. यांपैकी पवईची संस्था १९५८ मध्ये सोव्हिएत संघ आणि युनेस्को यांच्या साहाय्याने, म्हणजे निखळ सार्वजनिक प्रयत्नातून उभी राहिली. तेथवर पोचण्यासाठी आज जी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तिच्या शिकवणीवर्गाची फी भरणे हमालाच्या आवाक्यात नसते. सार्वजनिक पैशातून उभारलेल्या ज्ञानाच्या दारावर असा खाजगी जकातनाका बसला आहे.

इतर शाखांत भौतिकशास्त्राची अवस्था काय आहे? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये जो नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यात चार वर्षांच्या एकूण १६० श्रेयांकांपैकी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या सर्व मूलभूत विज्ञानांना मिळून २५ श्रेयांक ठेवले होते. पहिले वर्ष संपले की बहुतेक विद्यार्थी भौतिकशास्त्राचा कायमचा निरोप घेतात. मार्च २०२१ मध्ये तर याच परिषदेच्या नियमपुस्तिकेने बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित न घेतलेल्यांनाही अभियांत्रिकीची वाट मोकळी करण्याची तरतूद केली आणि देशभर टीका होताच परिषदेला खुलासे करावे लागले. पायाच नको, असे ज्या व्यवस्थेला वाटू लागते, तिला विचार करणारा अभियंता नको असतो. दिलेले बटण दाबणारा आणि पाच वर्षांनी फेकून देता येणारा कारकून तिला पुरतो.

आता हा प्रश्न जालन्याच्या मातीवर ठेवून पाहावा. ‘जालना सोने का पालना’ अशी म्हण या गावाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. आज त्या पाळण्याची दोरी पोलाद आणि बियाणे या दोन उद्योगांच्या हाती आहे. औद्योगिक वसाहतीतील इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळते आणि त्यातून घरे-पुलांसाठी लागणाऱ्या सळया निघतात. तांब्याच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युत्‌प्रवाह वाहतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भंगारात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि धातू सुमारे १६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेला नियम जालन्यात तिन्ही पाळ्यांत राबत असतो. त्या भट्टीजवळ उभ्या असलेल्या, बहुधा बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कंत्राटी कामगाराला हा नियम कोणी सांगत नाही. मग त्याचा परिचय होतो तो अपघातातून.

ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन अनेक कामगार भाजले. त्या एका घटनेचे कारण ठरवणे चौकशी यंत्रणेचे काम आहे. परंतु अशा भट्ट्या कशाने फुटतात, हे शास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. भंगारात ओलावा राहिला किंवा बंद डबा आला, तर वितळलेल्या धातूत त्याची क्षणार्धात वाफ होते आणि धातू उसळतो. भट्टीचे आतले अस्तर झिजले, तर धातू पाण्याने थंड ठेवलेल्या वेटोळ्यापर्यंत पोचतो. अस्तर झिजत चालल्याची सूचना विद्युत्‌प्रवाहाच्या गळतीवरून आधीच मिळवता येते. म्हणजे येथे भौतिकशास्त्र हा कामगाराच्या जीविताचा प्रश्न आहे. भट्टीची उष्णता, अस्तराची झीज, सळईतील दोष ध्वनिलहरींनी शोधण्याची पद्धत, भंगारातील किरणोत्सर्गी तुकडा ओळखणारे उपकरण, हे सारे एकत्र शिकलेला अभियंता या गावाला हवा आहे. तो कारखानदारापुढे ताठ मानेने सांगू शकेल, की ही भट्टी आज पेटवता येणार नाही.

जी गोष्ट जालन्याची, तीच मराठवाड्याची. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली. मंजूर खर्च सुमारे २६०० कोटी रुपये आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसर किरण धावतील आणि प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी सूक्ष्म असा बदल टिपतील. या यंत्रासाठी लागणारी लेसर, निर्वात, कंपनरोध आणि नियंत्रण यांची विद्या म्हणजे अभियांत्रिकी भौतिकशास्त्राचा गाभाच होय. ज्यांच्या शिवारालगत ही वेधशाळा उभी राहणार, त्यांची मुले तिच्या फाटकावर पहारेकरी होणार की प्रयोगशाळेत अभियंते होणार? उत्तर अभ्यासक्रमाच्या कागदावर आजच लिहिले जात आहे, कारण विद्यार्थी घडवायला निदान चार वर्षे लागतात.

असा अभ्यासक्रम कसा आखावा? पहिल्या दोन वर्षांत निवडीची घाई नसावी. कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, यामिकी, विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी, तरंग व प्रकाशशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी, संगणकीय प्रोग्रामिंग आणि पुंजयामिकीची ओळख हा गाभा सर्वांना समान असावा आणि त्याबरोबर कार्यशाळेत हात काळे करण्याची सक्तीही असावी. ग्रामीण विद्यार्थी येथेच अडखळतो, कारण त्याने बारावीपर्यंत प्रयोगशाळा बहुधा कुलूपबंदच पाहिलेली असते. त्याला नापास करून बाहेर काढणे सोपे असते. त्याच्यासाठी पहिल्या सत्रात गणिताचे आणि प्रयोगांचे जादा वर्ग चालवणे हे संस्थेचे कर्तव्य होय. तिसऱ्या वर्षी घनस्थितीशास्त्र, सांख्यिकीय भौतिकी, मापन आणि नियंत्रण प्रणाली यांकडे वळावे. विशेषीकरणाची निवड विषयांची चव घेऊन झाल्यावर, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास व्हावी आणि चौथ्या वर्षाचा निम्मा वेळ प्रत्यक्ष प्रकल्पाला द्यावा.

विशेष शाखा चार-पाच पुरेत; पण त्या भूमीशी नाते सांगणाऱ्या असाव्यात. धातू आणि भट्टीचे भौतिकशास्त्र ही पहिली. प्रकाशशास्त्र, निर्वात आणि सूक्ष्ममापन ही दुसरी. अर्धवाहक आणि सौर ऊर्जा ही तिसरी. रुग्णालयांतील क्ष-किरण व किरणोपचार यंत्रांसाठी वैद्यकीय भौतिकशास्त्र ही चौथी. बियाण्यातील ओलावा, साठवण आणि जमिनीतील पाणी मोजणारी कृषी-उपकरणे ही पाचवी. १९६४ पासून संकरित बियाण्यांचा उद्योग वाढवणाऱ्या या गावात पाचव्या शाखेचे समर्थन करण्याची गरज पडू नये. राष्ट्रीय क्वांटम अभियानाला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा त्याही विषयाला स्थान असावे. परंतु प्रत्येक नव्या घोषणेबरोबर गाभ्यातील एक विषय कापून जाहिरातीत शोभेल असा एक विषय चिकटवण्याची जी लागण खाजगी संस्थांना झाली आहे, तिच्यापासून सावध राहावे लागेल. विशेषीकरण हा वृक्षाचा शेंडा आहे. मूळ तोडून शेंडा वाढत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. कामगाराच्या मुलाला आधी भाकरी हवी. संगणकाची शाखा घेतली तर चार वर्षांनी पगार सुरू होतो. भौतिकशास्त्राचे पांडित्य घेऊन तो काय करणार? हा प्रश्न विचारणाऱ्या बापाला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. कर्ज काढून शिकणारा विद्यार्थी आपल्या जिज्ञासेवर चालत नाही, हप्त्याच्या तारखेवर चालतो, आणि म्हणूनच ऐच्छिक विषयांची यादी त्याच्यापुढे ठेवली तरी त्याची निवड सावकाराने आधीच केलेली असते. स्वातंत्र्य कागदावर आणि सक्ती खिशात, अशी ही स्थिती आहे. यावर उपाय म्हणून पायाभूत विद्या गरिबाला नाकारणे म्हणजे नव्या रूपात जुनीच वर्णव्यवस्था होय. तीत सिद्धान्त वरच्यांनी शिकावा आणि हातोडा खालच्यांनी उचलावा, अशी वाटणी असते. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी मराठवाड्यात महाविद्यालय उभारले ते ही वाटणी मोडण्यासाठी, हे विसरता येणार नाही.

भाकरीचा प्रश्न राज्यसंस्थेनेच सोडवायला हवा, आणि तो सुटू शकतो. होमी भाभा यांनी १९५७ मध्ये तुर्भ्याला अणुशक्ती खात्याचे प्रशिक्षण विद्यालय काढले, तेव्हा विज्ञानाचे आणि अभियांत्रिकीचे पदवीधर एकत्र बसवून त्यांना विद्यावेतन दिले आणि पुढे काम दिले. सार्वजनिक क्षेत्राने माणसे घडवली आणि घडवलेल्या माणसांना राबवून घेतले. आज राज्याच्या अभियांत्रिकी सेवेची भरती स्थापत्य, विद्युत आणि यांत्रिकी या परिचित नावांभोवतीच फिरते आणि वेगळ्या नावाची पदवी घेतलेला उमेदवार अर्जाच्या रकान्यातच अडकतो. एका शासननिर्णयाने ही समकक्षता देता येईल. व्यावसायिक शिक्षणात आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतील मुलींना २०२४ मध्ये जी संपूर्ण शुल्कमाफी राज्याने दिली, तिच्यामागील तत्त्व मुलांपर्यंत आणि वसतिगृहाच्या खर्चापर्यंत नेण्यालाही इच्छाशक्तीच हवी आहे.

जालन्यात सुरुवातीसाठी जागा शोधत बसण्याची गरज नाही. मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून १९३३ मध्ये जन्मलेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे. तेथील पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात वर्गाचे आणि उद्योगातील प्रत्यक्ष कामाचे टप्पे आलटून-पालटून येतात. हे स्वागतार्ह आहे. परंतु विद्यार्थी कारखान्यात जातो तेव्हा त्याचे गुरू कोण असावेत? केवळ व्यवस्थापक? तीस वर्षे भट्टीचा रंग पाहून तापमान सांगणारा कामगार हाही गुरू आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांवर उद्योगांचे प्रतिनिधी मानाने बसवले जातात. कामगार संघटनेचा, शेतकऱ्यांचा प्रतिनिधी मात्र तेथे औषधालाही सापडत नाही. लोकशाही शाळेच्या फाटकाशी थांबते ती येथे.

म्हणून या प्रश्नावर कार्यकर्त्यांनी जिल्ह्यात चार मागण्या घेऊन लोकांकडे जावे. सार्वजनिक संस्थेत, सरकारी शुल्कात अभियांत्रिकी भौतिकशास्त्राची पदवी मराठवाड्यात सुरू व्हावी. तिच्या अभ्यासमंडळावर कामगार आणि शेतकरी यांना मतासह स्थान मिळावे. गरीब विद्यार्थ्याला विद्यावेतन, पहिल्या वर्षी मराठीतून साहाय्य आणि शासकीय भरतीत समकक्षता मिळावी. आणि प्रत्येक पोलाद कारखान्यातील सुरक्षा तपासणीशी या शिक्षणाचा सांधा जोडला जावा. या मागण्यांची सभा मंगल कार्यालयात नको. पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या दारात घ्यावी. ज्याच्या अंगावर धातू उसळतो, त्याच्या मुलाने त्या धातूचे शास्त्र शिकावे, ही मागणी समजावून सांगायला तेथे भाषणाची गरज पडणार नाही.